बोर्डावर न मावलेलं

गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत दोन दुकानं होती. डावीकडे इस्त्रीचं, उजवीकडे बोर्ड रंगवण्याचं. मधे जमिनीवर खडूनं ओढलेली रेघ. रेघेच्या एका बाजूला पेंटरची बायको लोकांचे शर्ट कडक करायची, दुसऱ्या बाजूला पेंटर लोकांची नावं रंगवायचा. रंगाचा डबा रेघेपलीकडे आणि इस्त्रीचा कोळसा रेघेअलीकडे येता कामा नये, एवढाच त्यांच्या संसाराचा कायदा होता. आपला संसार या रेघेमुळे टिकला, असं दोघंही सांगत. फक्त रेघ कुणामुळे ओढावी लागली, यावर एकमत नव्हतं.

पेंटरचं अक्षर गावभर होतं. शाळेच्या फाटकावर, दवाखान्याच्या दारावर, चपलांच्या दुकानावर, दूध डेअरीवर. त्याच्या अक्षराला गोलाई होती आणि पोटात हवा होती. हे अक्षर तो काढायचा, पण वाचायचा मात्र नाही. गिऱ्हाइकानं मजकुराचा कागद दिला की तो फक्त कुठली ओळ लांब, कुठली आखूड, कुठं श्वास सोडायला जागा आहे, एवढंच बघायचा. "अक्षर काढायचं आपण. वाचायचं ज्याला दुकान शोधायचंय त्यानं," असं त्याचं म्हणणं. एकदा त्यानं गोदामाच्या भिंतीवर 'या भिंतीवर जाहिरात रंगवण्यास सक्त मनाई आहे' हे वाक्य इतकं देखणं काढलं, की खाली स्वतःचा फोन नंबर टाकल्याशिवाय त्याला राहवलं नाही. गोदामाच्या मालकानं पैसे कापले. नंबर मात्र तसाच आहे, कारण तो पुसायलाही पेंटरच लागतो.

फ्लेक्स आल्यापासून अर्धं काम गेलं होतं. उरलेलं अर्धं टिकलं होतं ते रंगाच्या जोरावर. फ्लेक्स वर्षभरात उन्हानं फिका पडतो, पेंटरचा रंग वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून डेअरीवाला जेव्हा तणतणत दुकानात आला, तेव्हा तो रंगाबद्दल बोलेल असं पेंटरच्या स्वप्नातही नव्हतं.

"पेंटर, माझं दूध कसं आहे?"

"चांगलं आहे की."

"मग माझ्या बोर्डावरचं दूध निळं का?"

"पांढरं आहे."

"निळं आहे! गिऱ्हाईक बोर्डाकडे बघतं, मग किटलीत बघतं आणि मला विचारतं, मालक, पाणी आधी घालता की नंतर?"

"तुमचा डोळा तपासून घ्या, शेठ. मी स्वतः कालवलाय तो पांढरा."

"निळाच आहे तो," रेघेपलीकडून बायकोचा आवाज आला. इस्त्री तिनं उचललीसुद्धा नाही.

डेअरीवाला गेला तो मुदत देऊन. महिन्याभरात बोर्ड पांढरा झाला नाही तर त्याचा भाचा फ्लेक्स करून देणार होता, तोही फुकट, आणि वर गाईचा फोटो. डेअरी हा बाजारातला सर्वांत मोठा बोर्ड. तो उतरला की चपलांचं दुकान उतरणार, मग न्हावी. पेंटरला हे कुणी सांगायला नको होतं.

बायकोनं गठ्ठ्यातून एक घडी काढून त्याच्यासमोर धरली. "हा काय रंग आहे?"

पेंटरनं बघितलं. "साय."

"हा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा कोट आहे. याहून पांढरं या गावात काही नाही. मी नीळ घालून घालून दमले."

"जरा पिवळट मारतोय."

"कोट नाही मारत, तुमचा डोळा मारतोय. पांढऱ्यात नीळ किती घालायची ते मला शिकवू नका, माझं पोट त्यावर आहे. तुम्ही वर्षभर सगळ्या गावाला नीळ घालत सुटलाय."

पेंटरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गेले कित्येक महिने जग त्याला चहाच्या कपातून बघितल्यासारखं दिसत होतं. पांढरा कालवला की पिवळा वाटे, म्हणून तो निळ्याचा थेंब टाकी. तरी पिवळा वाटे, म्हणून आणखी एक. पण डोळ्याबद्दल बोलायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं. न्हाव्याचा हात थरथरतो असं एकदा गावात झालं, की त्याच्यासमोर मान कोण देतो?

शेवटी बायकोनंच त्याला धरून तपासायला नेलं. तपासणीत डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा जास्त पिकलेला. तो आधी काढू, डावा नंतर.

घरी हे कळताच पेंटरचा मेव्हणा हजर झाला. हा पाण्याचे मीटर वाचायचा. रोज दारोदार फिरत असल्यामुळे त्याला सगळं माहीत असे, आणि जे माहीत नसे तेही तो सांगत असे. सरकारी आरोग्य कार्डावर त्याचं अपेंडिक्स फुकटात निघालं होतं. तेव्हापासून कार्ड या विषयावर त्याच्यासमोर कुणी तोंड उघडायचं नाही.

"दाजी, खिशाला हात लावायचा नाही. कार्डावर सगळं मिळतं. एसी खोली घ्या. भिंग बाहेरच्या देशातलं मागा. चष्मा सोनेरी काडीचा. दोन घ्या, एक मला होईल."

"आणि माझा गुडघा?" बायकोनं विचारलं.

"त्यातच बसवून टाकू, ताई. वर्षाची रक्कम असते. वापरली नाही तर वाया जाते."

"ती सगळ्या घराची मिळून असते ना? की माणशी वेगळी?" पेंटरनं चाचरत विचारलं.

"दाजी, तुम्ही रंगाचं बघा."

रुग्णालयात कार्डाची खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली होती. खिडकीमागच्या मॅडमचा चष्मा साखळीला लटकलेला आणि घसा कायमचा बसलेला. शेजारी गरम पाण्याचा थर्मास. खिडकीवर भिंतभर मोठा बोर्ड. तो पेंटरनंच दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी, कुणी नसताना रंगवला होता. आता एवढ्या अंतरावरून त्याला तो एखाद्या ढगासारखा दिसत होता.

मेव्हण्यानं कोपर खिडकीवर टेकलं. "एसी खोली हवी."

"नाही."

"शिल्लक नाही?"

"कार्डात नाही. साधा वॉर्ड. तोही संध्याकाळपर्यंत. मोतीबिंदू सकाळी काढतात आणि दिवस मावळायच्या आत घरी पाठवतात."

मेव्हण्यानं हातातली पिशवी हळूच पायामागं सरकवली. तिच्यात दोन चादरी, उशी आणि पत्त्यांचा जोड होता.

"जेवण?"

"पेशंटला एक वेळचं."

"आणि सोबतच्याला?"

"सोबतच्यानं सोबत करायची."

"भिंग मात्र बाहेरच्या देशातलं हवं."

"साधं भिंग कार्डात. ऑपरेशन, भूल, भरती झाल्यावरच्या तपासण्या, घरी जाताना देऊ ती औषधं, सगळं कार्डात. भारीतलं भिंग हवं तर मग सगळंच तुमच्या खर्चानं. थोडं आमचं, थोडं तुमचं, असं चालत नाही."

"आणि ताईचा गुडघा?"

"गुडघा कार्डात आहे. पण मर्यादा सगळ्या घराची मिळून एक. गुडघ्याला बरीच जाते. आधी डोळा करा, उरेल त्यात बसतो का बघू. नाही बसला तर पुढच्या वर्षी."

बायकोनं भावाकडे बघितलं. भाऊ छताकडे बघत होता.

"बरं, चष्मा तरी?"

"चष्मा नाही. कवळी नाही, कानाचं यंत्र नाही, चष्मा नाही."

पेंटर इतका वेळ मागं उभा होता. आता तो पुढं झाला. "मॅडम, ऑपरेशननंतर चष्मा लागतोच का?"

"साध्या भिंगातून एकाच अंतरावरचं नीट दिसतं. सगळ्यांना दूरचं बसवतात. जवळचं काही करायचं तर चष्मा."

"मी ब्रशचं काम करतो. जवळचंच करतो."

"मग घ्या एखादा साधा. फार महाग नसतात."

"पैशाचं नाही हो. चष्मा घालून शिडीवर काम होत नाही. जवळचा चष्मा लावून खाली पाहिलं की पायरी असते तिथं दिसत नाही. मी एकदा चढलो होतो चष्मा लावून."

"मग?"

"मग उतरलो. एकदम."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. पेंटर मनातल्या मनात हिशोब करू लागला. डोळा होणार, गाव दिसणार, डेअरी दिसणार, आणि ब्रशचं टोक तेवढं दिसणार नाही. असलं सोंग घेऊन बाजारात फिरण्यापेक्षा चहाच्या कपातून बघणं काय वाईट होतं?

तेवढ्यात मेव्हण्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला. "चष्मा नाही म्हणजे काय? बोर्डावर कुठं लिहिलंय चष्मा नाही म्हणून?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे वाक्य त्यांनी दिवसातून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांचा घसा त्यावरच बसला होता.

"वर बघा," त्या म्हणाल्या. "काय मिळतं ते सगळं आहे ना? एकेक अक्षर केवढं! आंधळ्यालाही दिसेल. आता 'मिळत नाही' कुठं आहे ते दाखवा."

मेव्हण्यानं मान वर केली आणि मोठ्यानं शेवटची ओळ वाचली. "'अधिक माहितीसाठी खिडकीवर विचारावे.'"

"ती खिडकी म्हणजे मी. ऑफिसनं मजकूर दिला होता तो मी स्वतः बघितलाय. चार ओळी होत्या 'मिळत नाही'च्या. चार! रंगवणाऱ्यानं त्या गिळल्या. लोक वर बघतात, सगळं मिळतं असं समजतात आणि माझ्याशी भांडतात. दोन वर्षं झाली. तो माणूस मला एकदाच भेटू दे. एकदाच."

"अहो, मग हे काय!" मेव्हण्याची छाती फुगली. "आमच्या दाजींनीच रंगवलाय तो!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बायकोनं भावाच्या दंडाला चिमटा काढला, पण बाण सुटला होता. मॅडमनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेंटरला पायापासून डोक्यापर्यंत वाचून काढलं.

"तुम्ही?"

"'मिळते'ची अक्षरं जरा मोठी बसली," पेंटर म्हणाला. "खाली वीतभर जागा उरली. चार ओळी बसवायच्या तर मुंगीएवढं काढावं लागलं असतं. मुंगीएवढं मी काढत नाही. मग आपली एक ओळ टाकली, सगळ्या दुकानांवर टाकतो ती."

"आणि त्या चार ओळींत काय आहे ते वाचलं नाहीत?"

"वाचलं नाही. मोजल्या होत्या."

मागच्या रांगेतला एकजण उगाच खोकला.

"अंगठा ठेवा," मॅडम म्हणाल्या.

पेंटरनं छोट्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. टर्पेंटाइननं धुऊन धुऊन त्याच्या बोटांच्या रेषा कधीच्या गेल्या होत्या, पण चोराच्या मनात चांदणं. या बाईनं सूड घेतला, आता आपला डोळा काही होत नाही, अशी त्याची खात्री झाली. उजव्या हाताची सगळी बोटं लाल निघाली. "डावा हात," मॅडम म्हणाल्या. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट, ज्याला जन्मात कधी काम लागलं नव्हतं, तेवढं यंत्रानं ओळखलं.

"बघा," बायको म्हणाली, "आळशी बोटच कामाला आलं."

मॅडमनी कागद आत घेतला, शिक्का मारला आणि परत देताना तो सोडला नाही. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पेंटरच्या.

"भिंगाच्या मोजमापाला बोलावतील तेव्हा डॉक्टरांना सांगा, मला ब्रशच्या अंतरावरचं स्पष्ट हवं. भिंग साधंच, कार्डातलंच. फक्त नंबर कुठल्या अंतराचा ते आधी सांगावं लागतं. एकदा बसलं की बसलं. कुणी विचारत नाही, म्हणून सगळे दूरचं घेऊन जातात."

"हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. खिडकीवर विचारायचं असतं," मॅडम म्हणाल्या. "आणि डोळा झाला की पहिला बोर्ड हा."

"पहिला डेअरीचा द्यावा लागेल. दुसरा हा."

मॅडमनी कागद सोडला.

मोजमापाच्या आधी घरात तालीम झाली. पेंटर भिंतीसमोर ब्रश धरून उभा राहिला. अक्षर काढताना मनगट टेकवायची काठी डाव्या हातात. बायकोनं इस्त्रीच्या दुकानातली टेप आणून त्याच्या डोळ्यापासून ब्रशच्या टोकापर्यंत धरली.

"मान पुढं घेऊ नका."

"काम करताना येतेच पुढं."

"मग रोज घेता तेवढी घ्या. डॉक्टरांसाठी म्हणून ताठ उभे राहाल आणि जन्मभर ताठ राहावं लागेल."

शेवटी तिनं माप काठीवर खडूच्या खुणेनं नोंदवलं आणि पेंटर ती काठीच घेऊन डॉक्टरांसमोर उभा राहिला. डॉक्टर हसले, पण मापाकडे त्यांनी नीट बघितलं.

"होईल. पण दूरचं थोडं धूसर राहील. बसचा नंबर दिसणार नाही."

"बसचे नंबर मी रंगवत नाही."

"अंगावर येणारी बस दिसली पाहिजे ना?"

"ती जवळ येईलच की."

ऑपरेशनच्या दिवशी सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि मेव्हण्याला नेमकं याचंच दुःख झालं. दाजी सकाळी आत गेले, दुपारी डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आले, पेशंटचं जेवण जेवले आणि दिवस मावळायच्या आत घरी. पत्त्यांचा जोड पिशवीतून निघालाच नाही. त्यानं वॉर्डातल्या लोकांना कार्डाबद्दल चार गोष्टी सांगायला सुरुवात केली होती. त्यातल्या तीन चुकीच्या आहेत, हे बहिणीनंच मधे पडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. पेंटरनं आधी ब्रश मागितला. टोकाचा एकेक केस वेगळा दिसत होता, फाटलेला एक केससुद्धा. त्यानं तो केस उपटून टाकला. मग त्यानं मान वर केली. समोर दुकानाची भिंत होती. तीही त्यानंच रंगवलेली, पांढरी म्हणून.

"अगं, ही भिंत..."

"निळी आहे."

"केव्हापासून?"

"तुम्ही पांढरी केलीत तेव्हापासून. मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, वाफेनं माझं डोकं फिरलंय."

त्या दिवशी तो सगळा बाजार फिरला. दूरचं धूसर होतं, म्हणून प्रत्येक बोर्डाशी नाक नेऊन उभा राहायचा. आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. डाव्या डोळ्यानं बघितलं की सगळं ठीक, उजव्यानं बघितलं की चूक. चपलांचं दुकान निळं. शाळेचं फाटक निळं. न्हाव्याच्या बोर्डावरचा साबणाचा फेस असा निळा, की त्याखालचा माणूस दगावल्यासारखा दिसत होता. "काय पेंटर, बोर्डांना डोळा मारताय?" न्हाव्यानं विचारलं. पेंटर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो. फुकट करून देतो. कारण विचारू नका."

डेअरीचा बोर्ड मुदतीत झाला. या वेळी पांढरा कालवताना बायको रेघ ओलांडून आली आणि डॉक्टरांचा कोट डब्याशेजारी धरून उभी राहिली. रेघेपलीकडे येण्याची तिची ही पहिली वेळ. डेअरीवाल्यानं रस्त्याच्या पलीकडून बोर्ड बघितला, मग अलीकडून बघितला. "आता दूध वाटतं," तो म्हणाला. भाच्यानं फ्लेक्स छापून आणला होता. तो डेअरीवाल्यानं म्हशींच्या गोठ्यावर पावसासाठी टाकला, गाईचा फोटो आत करून.

दुसरा बोर्ड रुग्णालयाचा. पेंटर कामाच्या दिवशीच गेला, कारण मॅडमनी रविवार नाकारला होता. "माझ्यासमोर," त्या म्हणाल्या होत्या. जुना मजकूर खरवडायच्या आधी त्यानं तो शिडीवर उभं राहून वाचला. स्वतःचा बोर्ड पहिल्यांदाच. मग ऑफिसचा कागदही वाचला, चारही ओळींसकट.

"मॅडम, यातलं बरंच मलाच माहीत नव्हतं."

"गावालाही नाही. सुरुवात करा."

या वेळी त्यानं खालून सुरुवात केली. आधी 'मिळत नाही', भरपूर पोट असलेल्या अक्षरात: चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, एसी खोली, सोबतच्याचं जेवण, भरती न होता केलेले उपचार. मग घराची मिळून एक मर्यादा, ती लाल रंगात. लाल ही मॅडमची सूचना, तिच्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग वर 'मिळते'. दुपारपर्यंत बोर्ड कडेला कड भरला. पेंटरनं एक डोळा मिटून बघितलं. पांढरा पांढरा होता. मॅडमनी थर्मास बंद करून खाली ठेवला.

एक म्हातारे गृहस्थ बायकोचा हात धरून खिडकीशी आले. त्यांनी वर बघितलं, शिडीला वळसा घातला आणि विचारलं, "मॅडम, हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. चष्मा मिळतो का?"

"वर लिहिलंय, बाबा," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच लिहिलंय. ओलं आहे अजून."

"एवढं कोण वाचत बसतं? तुम्हीच सांगा."

मॅडमनी डोळे मिटले. शिडीवरून पेंटर म्हणाला, "आजोबा, चष्मा नाही मिळत. आजी काय काम करतात?"

"शिवणकाम करते. दिवसभर सुई हातात."

"मग भिंगाचं माप घेतील तेव्हा सांगा, सुईच्या अंतराचं पाहिजे म्हणून. त्याचे पैसे पडत नाहीत. पण आधी सांगा. नंतर बदलत नाही."

आजोबांनी बायकोकडे बघितलं. बायको लगेच हातात नसलेली सुई धरून डोळ्यासमोर आणायला लागली, थोडी पुढं, थोडी मागं. दोघं तसेच मोजत निघून गेले.

मॅडमनी खिडकीतून मान बाहेर काढून शिडीच्या टोकाकडे बघितलं.

"हे सर्वांत महत्त्वाचं आहे. हे बोर्डावर लिहून टाका ना."

पेंटरनं बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला आणि ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला.

"जागा नाही," तो म्हणाला.